चव्वेचाळीस माणसं, चार दिवस आणि वरच्या टाकीचा एक कप्पा

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार. पहाटे साडेचारला वॉचमनभाऊंनी दार वाजवलं. "मॅडम, उठा जी, पार्किंगमध्ये पाणी घुसून राहिलं!" बॅटरी घेऊन जिना उतरले, तर खालच्या चार पायऱ्या दिसतच नव्हत्या. काळपट पाण्यावर डिझेलचा तवंग होता. त्यात कुणाची तरी चप्पल आणि आदल्या रात्रीच्या पत्रावळी फिरत होत्या. बाकी सगळ्यांचा जीव गाड्यांत अडकला होता. माझा जीव अडकला होता कोपऱ्यातल्या लोखंडी झाकणात. जमिनीखालच्या टाकीचं ते झाकण फरशीच्या पातळीतच बसवलेलं आहे, आणि त्यावर तीन फूट पाणी चढलं होतं.

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी एकतीस वर्षं गेली. कुठे पूर आला की गावोगावचे नमुने आमच्या टेबलावर यायचे. या वेळी पूर माझ्याच इमारतीत आला. पुढच्या दिवसांत आम्ही काय केलं, काय चुकलं, कशानं निभावलं, ते जसं घडलं तसं लिहिते आहे. पुराच्या सकाळी मला सगळे एकच विचारत होते, "पाणी शुद्ध कसं करायचं?" त्याआधीचा प्रश्न कुणी विचारत नव्हतं: आपल्याकडे चांगलं पाणी आत्ता कुठे कुठे आहे, आणि ते घाण होण्यापासून कसं वाचवायचं?

त्या रात्री नागपुरात चार-पाच तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या ले-आउटमध्ये शिरली. १८७० मध्ये शहराला पाणी देण्यासाठी बांधलेला हा तलाव. आज शहर पितं ते पेंच आणि कन्हानचं पाणी, आणि नाग नदी शहराचं सांडपाणी वाहून नेते. म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये आलेलं पाणी पावसाचं होतं, तलावाचं होतं, गटाराचं होतं, आणि उभ्या गाड्यांच्या तेलाचंही होतं. जंतू उकळून मरतात, क्लोरीननं मरतात. डिझेल दोन्हींनी जात नाही. उकळीनं तर नाहीच, कापडानं गाळूनही नाही, तुरटी फिरवूनही नाही. म्हणून खालच्या टाकीतल्या वीस हजार लिटर पाण्यावर मी त्याच क्षणी मनातून फुली मारली. ते पाणी 'शुद्ध' करण्याच्या भानगडीत पडायचंच नव्हतं.

आमची इमारत तीन मजली, बारा फ्लॅटची. त्या दिवशी घरात चव्वेचाळीस माणसं होती, त्यांत एक आठ महिन्यांचं बाळ आणि ऐंशी पार केलेल्या तीन आज्या. गच्चीवर सिमेंटची टाकी, तिचे दोन कप्पे. पहिल्या कप्प्यात मोटरचं पाणी पडतं आणि त्यातून न्हाणीघरांच्या नळांना जातं. दुसऱ्या कप्प्यातून स्वयंपाकघरांची लाइन निघते. दोन्हींच्या मधे एक जोडव्हॉल्व्ह आहे, तो एरवी कायम उघडा असतो.

पहाटे पावणेपाचला, भर पावसात, मी गच्चीवर गेले आणि तो जोडव्हॉल्व्ह बंद केला. स्वयंपाकघरांच्या लाइनीचा मुख्य व्हॉल्व्हही बंद केला. मग बांबू टाकून दुसऱ्या कप्प्याची खोली मोजली. सहा फूट लांब, साडेपाच फूट रुंद, तीन फूट पाणी. एका घनफुटात साधारण २८ लिटर बसतात, म्हणजे हिशेब आला २,८०० लिटरचा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला पाच लिटर धरले, तर आम्हा चव्वेचाळीस जणांना बारा दिवस पुरेल इतकं. आंघोळ, भांडी, फरशी धरून माणशी पंधरा लिटर खर्च झाले, तर पाचव्या दिवशी खडखडाट. बादली भरून आंघोळ करायची सवय असलेल्या घरांत हेच पाणी दुसऱ्या दिवशीच संपलं असतं, हेही मला दिसत होतं.

एवढं पाणी वर होतं यामागे आमचं नशीबही होतं. आदल्या दिवशी, शुक्रवारी, महालक्ष्म्यांचं जेवण होतं. आमच्या इमारतीत तीन घरी महालक्ष्म्या बसतात. पाहुणे येणार म्हणून दुपारी मोटर जास्त वेळ चालवून टाकी काठोकाठ भरली होती. शिवाय दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे पंगतीसाठी पितळेचे दोन मोठे गुंड भरून ठेवलेले होते, आणि विकतच्या पाण्याचे वीस लिटरचे चार कॅन सीलही न तोडता उभे होते. सकाळी सहाला आम्ही प्रत्येक घरी जाऊन एक यादी केली. आरओ मशीनच्या टाकीत असतात तसे पाच-सहा लिटर, फ्रिजमधल्या बाटल्या, माठ, गुंड, कॅन. सगळं मिळून तीनशे लिटरच्या वर पिण्यायोग्य पाणी घराघरांत आधीच भरलेलं निघालं. शनिवारचा पूर्ण दिवस आम्ही याच पाण्यावर काढला, वरच्या टाकीला हातही लावला नाही.

"आमच्याकडे आरओ आहे, आम्हाला काय काळजी," असं त्या सकाळी दोघांनी सांगितलं. वीज नसली की आरओ बंद, हे त्यांना तासाभरात कळलं. पण वीज असती तरी पुराचं गढूळ पाणी त्या मशीनला देणं चूकच. गाळानं मेंब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, तुंबतं, आणि तेलाचा तवंग असलेलं पाणी घरगुती मशीनसाठी नसतंच.

सगळ्यात मोठा अपघात सकाळी अकराच्या सुमारास झाला. मोबाइल चार्ज करायला म्हणून एका शेजाऱ्यांनी भाड्याचं जनरेटर आणलं. मोटरचं पॅनल पहिल्या मजल्याच्या वळणावर आहे, ते कोरडंच होतं. न्हाणीघरात पाणी कमी येतंय अशी घराघरांतून ओरड सुरू होती, म्हणून त्यांनी चांगल्या हेतूनं मोटर चालू केली. मी तळमजल्यावर होते. पाइपची घरघर ऐकली आणि ओरडतच वर धावले. "बंद करा! आधी बंद करा!" तोवर मोटर दीड-दोन मिनिटं चालली होती. "काहून जी? पाणी तर चढून राहिलं," असं ते म्हणाले. गच्चीवर जाऊन त्यांना पहिल्या कप्प्यात बॅटरी मारून दाखवली. सकाळपर्यंत तळाची फरशी दिसत होती, आता चहात दूध पडावं तसे मळकट ढग पाण्यात पसरत होते, आणि वर रॉकेलसारखा वास. शे-दीडशे लिटर पुराच्या पाण्यानं अख्खा कप्पा गेला. जोडव्हॉल्व्ह उघडा असता तर दुसराही गेला असता आणि हे प्रकरण इथेच संपलं असतं.

यात चूक माझीही होती. व्हॉल्व्ह बंद करताना मोटरचा फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवायला हवा होता, तो मी ठेवला नाही. दुसरी चूक त्याहून वाईट निघाली. पहिल्या कप्प्यावर आम्ही लाल कापड बांधलं, "फक्त संडासला" असं जिन्यात लिहून लावलं, पण न्हाणीघरांचे बेसिनचे नळ त्याच लाइनीवर आहेत हे घराघरांत जाऊन तोंडी सांगायचं राहिलं. पहिल्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी त्याच नळाच्या पाण्यानं दात घासत होता, चूळ भरत होता. सोमवारी त्याला जुलाब लागले. एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ, हे त्याच्या आईनं दिवसभर घोट घोट पाजलं, डॉक्टरांना दाखवलं, बुधवारपर्यंत तो सावरला. चव्वेचाळीस जणांत तेवढा एकच आजारी पडला, आणि तोही टाळता आला असता. चिठ्ठी वाचून माणूस नळ उघडायचं थांबत नाही. नळालाच कापड गुंडाळावं लागतं. रविवारी दुपारी आम्ही बाराही घरांत ते केलं.

शनिवारी दुपारी पाणी ओसरू लागलं. गल्लीच्या टोकाला बैठी घरं आहेत. त्यांच्याकडे ना वरची टाकी, ना साठा. प्लास्टिकचे ड्रम होते ते पुरात तरंगून गेलेले. तिथली तीसेक माणसं आमच्या फाटकाशी आली. समितीत थोडी कुरबुर झाली, ते मी लपवणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यातून म्हणाल्या, "बाई, घरी महालक्ष्म्या बसल्या आहेत, दारातून तहानलेलं कुणी परत जाईल का?" तिथेच विषय मिटला. हिशेब बदलला: चौऱ्याहत्तर माणसं, पाच लिटरनं दिवसाला ३७० लिटर. दुसऱ्या कप्प्याचं पाणी आता बारा दिवसांऐवजी सात-साडेसात दिवसांचं झालं. स्वयंपाकघरांची लाइन बंदच ठेवून गच्चीवर एकच नळ सुरू केला, आणि सकाळ-संध्याकाळ बादलीनं मोजून वाटप.

मग इतर कामांचं पाणी शोधणं आलं. संडासला पार्किंगमधलंच पुराचं पाणी वापरलं. त्या बादल्या वेगळ्या, जिन्याखाली ठेवलेल्या, स्वयंपाकघरात नेण्याची सक्त मनाई. गल्लीत एका जुन्या बंगल्याची विहीर आहे, दगडी बांधणीची, सुरेख. लोकांचा तिच्यावर फार विश्वास. "आमच्या आजोबांपासून या विहिरीचं पाणी पितो," असं सांगणारे होते. पण कठड्याच्या दगडांवर गाळाची रेघ होती, कठड्याच्याही वर वीतभर. पुराचं पाणी विहिरीत उतरलं होतं. बंगल्यातल्या काकांना ती रेघ हात लावून दाखवली, तेव्हा त्यांनी स्वतःच विहिरीवर फळ्या टाकल्या.

चढावर, दोन गल्ल्या वर, एक हापशी होती. तिच्या ओट्यापर्यंत पूर आला नव्हता. पहिले पन्नास दांडे गढूळ पाणी आलं, मग नितळ. पण ओट्याला तडा होता आणि शेजारून गटार जात होतं. नागपूरच्या पश्चिमेला खाली बेसाल्ट आहे. या काळ्या खडकात पाणी भेगांतून वाहतं, आणि भेगेतून वाहणारं पाणी वाळूतून झिरपल्यासारखं गाळून निघत नाही. म्हणून हापशीचं पाणी भांडी-आंघोळीला खुशाल, प्यायचं तर उकळूनच, असं ठरलं. बाळासाठी मात्र ते उकळूनही नको म्हटलं. शहरी वस्तीखालच्या पाण्यात सांडपाण्यातून नायट्रेट उतरलेलं असू शकतं. ते तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं, आणि पाणी उकळल्यानं ते जात नाही, उलट वाफ गेल्यावर थोडं दाटच होतं. बाळाला चारही दिवस सीलबंद कॅनचं पाणी, तेही उकळून.

उकळण्याबद्दल घराघरांत वेगवेगळे नियम होते. कुणी वीस मिनिटं, कुणी "अर्धं आटेपर्यंत". खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे. दोन हजार मीटरच्या वर डोंगरात असाल तर तीन मिनिटं ठेवायची, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. वीस मिनिटं उकळल्यानं जंतू जास्त मरत नाहीत, सिलिंडर लवकर संपतो. चव्वेचाळीस माणसांचं माणशी तीन लिटर म्हणजे १३२ लिटर उकळीपर्यंत न्यायला दिवसाला साधारण दीड किलो गॅस लागतो, आणि एक शेगडी सात-आठ तास अडकून राहते. सिलिंडरच्या गाड्या कधी येतील माहीत नसताना तेवढा गॅस जाळणं मला पटत नव्हतं. उकळायचं ते हापशीचं पाणी आणि बाळाचं, बाकीच्यांसाठी क्लोरीन, असं मी मनाशी ठरवलं. पण शनिवारी माझ्याकडे क्लोरीन नव्हतं.

ते रविवारी सकाळी आलं. माझा जुना सहकारी गुडघाभर चिखलातून चालत आला. त्याच्या पिशवीत टीसीएल पावडरची पुडी, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणाऱ्या ओटीची (ऑर्थोटोलिडिनची) बाटली आणि विष्ठेतले जंतू तपासायच्या एच-टू-एसच्या सहा बाटल्या होत्या. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतं, पुडी उघडी राहिली की ते उडत जातं. म्हणून मी २५ टक्के धरलं. आधी दुसऱ्या कप्प्याच्या पाण्याचा नमुना परीक्षानळीत घेऊन ओटीचे थेंब टाकले. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही. शुक्रवारी नळातून आलेलं क्लोरीन संपलं होतं.

तोवर कप्प्यात सुमारे २,४०० लिटर उरलं होतं. लिटरला एक मिलिग्रॅमच्या हिशेबानं २.४ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे पावडर साधारण १० ग्रॅम. वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. मग प्लास्टिकच्या मगात थोडं पाणी घेऊन पावडर कालवली आणि पंधरा मिनिटं स्वस्थ ठेवली. चुना तळाशी बसला, वर हिरवट झाक असलेलं पाणी आलं. तेवढंच टाकीत ओतलं, तळाचा साका टाकून दिला. बांबूनं ढवळलं आणि घड्याळ लावून अर्धा तास थांबलो. बारा-तेरा जण भोवती उभे होते, कुणी बोलत नव्हतं. पुन्हा नळी भरली, ओटी टाकलं. लिंबाच्या सालीसारखा पिवळा रंग चढला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासानंतर लिटरला अर्धा मिलिग्रॅम शिल्लक असावं, पूरकाळात मी यापेक्षा कमीवर समाधान मानत नाही. ओटी विषारी आहे, म्हणून नळीतलं पाणी परत टाकीत न टाकता वेगळं फेकलं. सोमवारी रंग फिका आला तेव्हा पुन्हा चार ग्रॅम दिलं.

क्लोरीन नितळ पाण्यातच धड काम करतं. गढूळ पाण्यात टाकलं तर बरंचसं क्लोरीन मातीच खाऊन टाकते. कुणाकडे गढूळच पाणी असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यावं, चौपदरी सुती कापडानं गाळावं, मग क्लोरीन. आमच्या मुलांनी पारदर्शक बाटल्या गच्चीवर उन्हातही ठेवल्या होत्या. ही पद्धत खरी आहे: दोन लिटरपर्यंतची प्लास्टिकची बाटली, नितळ पाणी, सहा तास कडक ऊन. आकाश ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. आमचं आकाश भरलेलंच होतं, म्हणून त्या बाटल्या आम्ही प्यायला घेतल्या नाहीत.

एच-टू-एसच्या सहा बाटल्यांपैकी पाच रविवारीच भरल्या: खालची टाकी, वरचा पहिला कप्पा, दुसरा कप्पा (क्लोरीन टाकण्याआधीचा), विहीर, हापशी. यात पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. विष्ठेतले जंतू असतील तर एक-दोन दिवसांत काळं पडतं. माझ्या देवघराशेजारच्या कपाटात पाचही ओळीनं ठेवल्या. सोमवारी सकाळी खालची टाकी आणि विहीर शाईसारखी काळी. संध्याकाळी पहिला कप्पा काळा. मंगळवारी सकाळी हापशीचीही बाटली करडी होत होत काळी पडली, त्या नितळ, गार, चवीला गोड पाण्याची. दुसरा कप्पा तसाच राहिला. बंगल्यातले काका ती विहिरीची बाटली हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होते. तिच्या उपशाचं काम त्यांनी पुढे स्वतः करून घेतलं.

रविवारपासून टँकर येऊ लागले. प्रत्येक टँकरचं पाणी उतरवून घेण्याआधी मी ओटी टाकून पाहिलं. पिवळा रंग आला तरच पिण्याच्या ड्रममध्ये, नाहीतर भांड्यांच्या ड्रममध्ये.

सोमवारी दुपारी वीज आली आणि खालची टाकी उपसायला घेतली. इथे मी फार कडक झाले, कारण यात जीव जातात. बंद टाकीत गाळ सडतो, हवेतला प्राणवायू कमी होतो, आणि आत उतरलेला माणूस हाक मारायच्या आधी कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. झाकण उघडून चार तास हवा खेळू दिली, पंखा लावला, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराशी वर दोघं. एका भावानं डागांसाठी संडास साफ करायचं ॲसिड आणलं होतं. ते मी हातातून काढून घेतलं. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो बंद टाकीत. गाळ काढून, धुऊन, मग वीस लिटरच्या बादलीत १६ ग्रॅम पावडरीचं पाणी करून भिंती, तळ, झाकणाची आतली बाजू घासली. अर्धा तास तसंच ठेवून खळखळून धुतलं आणि ते पाणीही उपसून टाकलं. वरचा पहिला कप्पा आणि न्हाणीघरांची लाइनही तशीच धुतली.

मंगळवारी, २६ तारखेला, सकाळी नळाचं पाणी खालच्या टाकीत घेतलं, आणि त्यात काही मिसळण्याआधी सहावी बाटली भरली. नळातून येणाऱ्या क्लोरीननं चाचणी फसू नये म्हणून नमुना आधी झाकून ठेवला आणि ओटीनं रंग येईना तेव्हाच बाटलीत ओतला. मधल्या दोन दिवसांत पार्किंगमध्ये झाकणाभोवती दीड फूट उंच विटांचा कठडा बांधला गेला आणि मोटरच्या पॅनलला कुलूप लागलं.

गुरुवारी, २८ तारखेला, अनंत चतुर्दशी होती. खाली गणपतीच्या आरतीची तयारी सुरू होती. मी कपाट उघडून बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पाण्याचा रंग बदलला नव्हता. गच्चीवर जाऊन पहिल्या कप्प्यावरचं लाल कापड सोडलं आणि जोडव्हॉल्व्ह उघडला.